पथारीवाला: एका पुणेरी शब्दाची कुळकथा

पदपथावर चादर, गोणपाट किंवा प्लास्टिकचा कागद अंथरून त्यावर माल मांडणाऱ्या विक्रेत्याला पुण्यात ‘पथारीवाला’ म्हणतात. मुंबईत याच माणसाला ‘फेरीवाला’ म्हणतात, मग तो वीस वर्षे एकाच खांबाला टेकून बसलेला का असेना. पुण्याच्या बोलीने चालणाऱ्याला आणि बसणाऱ्याला वेगवेगळी नावे दिली. दारावरून ओरडत जातो तो फेरीवाला, जागा धरून बसतो तो पथारीवाला, चाकांवर धंदा करतो तो गाडीवाला आणि चार पत्र्यांच्या आडोशाला उभा राहतो तो टपरीवाला. या चौघांपैकी पथारीवाल्याचे नाव सर्वांत जुन्या घराण्यातले आहे.

‘पथारी’ आणि ‘पथ’ यांचा संबंध नाही. रस्त्यावर बसतो म्हणून पथारीवाला, अशी व्युत्पत्ती सहज सुचते आणि ती चुकीची आहे. ‘पथारी’चे मूळ संस्कृत ‘प्रस्तर’ या शब्दात आहे. ‘स्तृ’ म्हणजे पसरणे, अंथरणे. यज्ञात वेदीवर अंथरल्या जाणाऱ्या दर्भाच्या मुठीला ‘प्रस्तर’ म्हणत. पुढे कोणत्याही बिछान्याला, सपाट पृष्ठभागाला आणि अखेर सपाट दगडालाही तेच नाव मिळाले. प्राकृतात त्याचे ‘पत्थर’ झाले आणि तिथून दोन वाटा फुटल्या. एका वाटेने हिंदीतला ‘पत्थर’, मराठीतला ‘पाथर’ आणि दगड घडवणारा ‘पाथरवट’ आले. दुसऱ्या वाटेने अंथरुणाचा अर्थ टिकला आणि ‘पथारी’ आली. पाटा-वरवंट्याला टाकी लावणारा पाथरवट आणि त्याच्याशेजारी चादरीवर कंगवे मांडून बसलेला पथारीवाला हे शब्दांच्या नात्याने चुलतभाऊ ठरतात.

गुजरातीत ‘पथारी’ म्हणजे आजही झोपण्याचे अंथरूण, आणि ‘पाथरवुं’ म्हणजे पसरणे. अहमदाबादेत रस्त्यावरच्या विक्रेत्यांचा उल्लेख ‘लारी, गल्ला, पाथरणावाळा’ असा एका दमात होतो. त्यातला पाथरणावाळा हा पुण्याच्या पथारीवाल्याचा सख्खा भाऊ. मराठीतही पथारीचा पहिला अर्थ झोपण्याशी बांधलेला आहे. धर्मशाळेत, देवळाच्या ओवरीत, वारीच्या मुक्कामावर पथारी टाकतात, पसरतात आणि पहाटे गुंडाळतात. तात्पुरता मुक्काम, जागेवर नसलेला हक्क आणि उठायची तयारी, हे सगळे त्या शब्दात आधीपासून होते. माल मांडणाऱ्याने तो उचलला तेव्हा त्याला नवा अर्थ फारसा जोडावा लागला नाही.

‘वाला’ हा प्रत्यय मात्र पाहुणा आहे. तो हिंदीच्या वाटेने मराठीत आला आणि घरचा झाला. मराठीची स्वतःची रीत वेगळी होती. तेली, माळी, कुंभार, कासार, तांबट, बुरूड ही धंद्यांची नावे जातींचीही नावे होती. करणारा आणि विकणारा बहुधा एकच असे. जे स्वतः काही घडवत नव्हते, नुसते विकत होते, त्यांच्यासाठी ‘वाला’ सोयीचा ठरला. भाजीवाला, दाणेवाला, फुगेवाला, भंगारवाला यांत जात सांगितली जात नाही, फक्त माल सांगितला जातो. शहरातल्या धंद्याची जातीशी असलेली गाठ सैल होत गेली, त्याची खूण या प्रत्ययात दिसते.

ज्या ठिकाणी विक्री होते त्या ठिकाणांची मराठी नावे पाहिली तर अर्ध्या आशियाचा नकाशा समोर येतो. ‘हाट’ संस्कृत ‘हट्ट’वरून. ‘पेठ’ दक्षिणेकडून, तमिळ-कानडीतल्या ‘पेट्टै’, ‘पेटे’ यांच्या घरातून. ‘बाजार’ फारसी. ‘दुकान’ अरबी, फारसीतून आलेले. ‘मंडई’चे मूळ ‘मंडपिका’, म्हणजे माल उतरवून जकात घेण्याचा मांडव. मंडी आणि मांडवी ही तिचीच भावंडे. आणि ‘गुजरी’ फारसी ‘गुजर’वरून, म्हणजे जाण्यायेण्याची वाट. दुपार कलल्यावर रस्त्याच्या कडेने भरणारा बाजार तो गुजरी. कोल्हापुरातली गुजरी पुढे सराफांची झाली, तरी शब्द वाटेवरच्या विक्रीचाच आहे. पथारीच्या शब्दात नसलेली वाट गुजरीच्या शब्दात आहे, हा भाषेचा एक गमतीदार खेळ.

पुणे हे पेठांचे शहर. कसबा सर्वांत जुना. त्याच्याभोवती एकेक पेठ वसत गेली. आज वारांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या पेठांना पूर्वी दुसरी नावे होती. शनिवार पेठ ही मुर्तजाबाद, रविवार पेठ मलकापूर, सोमवार पेठ शहापुरा, गुरुवार पेठ वेताळ पेठ. वारांची नावे पेशवाईत रूढ झाली. ती त्या त्या वारी भरणाऱ्या बाजारावरून पडली असे सांगितले जाते. सातही वारांचे बाजार ठरल्या पेठेत नेमाने भरत होते की नाही हा वेगळा प्रश्न. पण शहराच्या भागांना आठवड्याचे दिवस द्यावेत ही कल्पना बाजाराच्या वहिवाटीतून सुचली असणे स्वाभाविक आहे.

पेठ वसवणे हा सरकारी उद्योग होता. शेटे आणि महाजन हे वतनदार नेमले जात. व्यापारी, उदमी बाहेरून आणून वसवायचे, त्यांना काही वर्षांची करमाफी मिळवून द्यायची, वजनेमापे व भांडणतंटे पाहायचे, हे त्यांचे काम. दुकानदार व कारागिरांवर मोहतर्फा नावाचा कर असे. ज्याच्याकडे दुकानच नाही, नुसती पाटी आहे, त्याच्याकडून काय घ्यायचे? त्यावर व्यवस्थेने साधे उत्तर काढले होते: मूठभर माल. धान्य, भाजी, मिरची विकणाऱ्याच्या पाटीतून अशी मूठ उचलण्याच्या हक्काला ‘फसकी’ म्हणत. मूठ कोणाची आणि केवढी, हे अर्थातच घेणारा ठरवी. शहरावर कोतवालाची नजर असे. बाजारभाव आणि वजनमापे यांवरची देखरेख त्याच्या कामात मोडे. १७९१ साली लोकांच्या हातून मारला गेलेला घाशीराम हा पुण्याचा कोतवाल इतर कारणांनी आठवला जातो, पण पाटीवाल्यांच्या दृष्टीने कोतवाली म्हणजे रोजचा संबंध होता.

फसकीची आधुनिक नातेवाईक म्हणजे ‘तहबाजारी’ किंवा ‘बाजार बैठक’. ‘तह’ म्हणजे थर, तळ. जमिनीचा जेवढा तुकडा मालाखाली जातो त्याचे भाडे. नगरपालिकांच्या आणि ग्रामपंचायतींच्या पावत्यांवर हे शब्द अजून छापलेले असतात. मुठीच्या जागी पावती आली, आणि कर मालावरून सरकून मालाखालच्या जागेवर आला. सबंध इतिहासाची दिशा या एका बदलात सापडते: प्रश्न काय विकतो हा राहिला नाही, कुठे बसतो हा झाला.

फिरून विकणाऱ्यांची दुनिया याहून रंगीत होती. वैदू जडीबुटी घेऊन येत, शिकलगार धार लावून देत, कैकाडी टोपल्या विणून विकत, कल्हईवाले भाता आणि नवसागर घेऊन चौकात बैठक मारत. बांगड्या भरणारा कासार घरात ओसरीपर्यंत येई; त्याला तेवढी मुभा होती. लमाण-वंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ वाहत. मोठ्या प्रमाणावरची फेरीच ती. बायकांच्या डोक्यावर पाटी असे. भाजी, फुले, फळे, मासळी, दही यांच्या किरकोळ विक्रीचा मोठा भार बायकांनी वाहिला, म्हणूनच माळीण, कोळीण, भाजीवाली ही रूपे पुरुषी रूपांइतकीच, किंबहुना अधिक, कानावर पडतात. बोहारीण हा शब्द तर जवळजवळ स्त्रीलिंगीच आहे. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या या बाईचे नाव ‘बोहरा’, ‘बोहरी’ या शब्दांच्या घरातले दिसते. गुजरातीत ‘वहोरवुं’ म्हणजे खरेदी-व्यवहार करणे, आणि त्याच्या मुळाशी संस्कृत ‘व्यवहार’. पैसे न देता-घेता केवळ घासाघीस करून जुन्या पैठणीवर पातेले मिळवून देणारी बोहारीण ही शब्दशः ‘व्यवहार करणारी’ ठरते. तिच्या व्यवहाराचा ज्यांना अनुभव आहे त्यांना ही व्युत्पत्ती पटायला हरकत नाही.

विकणाऱ्यांनी पुण्याला नावेही दिली. बुधवार पेठेतल्या पासोड्या विठोबाचे नाव त्याच्यासमोर पासोड्या विकायला बसणाऱ्यांवरून पडले असे सांगतात. भांग्या मारुती, जिलब्या मारुती हेही त्याच पंक्तीतले. देव ओळखायचा तो शेजारच्या मालावरून. देवळाच्या सावलीत पथारी टाकायची वहिवाट किती जुनी आहे याचा पुरावा म्हणून पुण्यातली देवांची टोपणनावे पुरेशी आहेत.

सकाळच्या पहिल्या विक्रीला पुण्याचे विक्रेते ‘भवानी’ म्हणतात. ‘अजून भवानी व्हायचीय’ असे म्हटले की पहिले गिऱ्हाईक सहसा माघारी जात नाही. भावात थोडे नमते घेऊनही विक्री होते. मूळ शब्द हिंदी ‘बोहनी’च्या जातीचा, मराठीत त्याची बोणी, भोनी अशीही रूपे आहेत. पण पहिल्या पैशाला कपाळाला लावण्याची रीत होती आणि तुळजापूरची देवी मराठी माणसाच्या जिभेवर होती. शब्द आपोआप देवीच्या नावाला जाऊन मिळाला. लोकांनी केलेली ही व्युत्पत्ती कोशाला मान्य नसेल, बाजाराला आहे.

सगळ्याच शब्दांचे नशीब एवढे चांगले नव्हते. अरबीत ‘बक्काल’ म्हणजे भाजीपाला विकणारा. मराठीत तो ‘बकाल’ होऊन आला आणि ‘वाणी-बकाल’ अशा जोडीने किरकोळ दुकानदारांसाठी वापरला जाऊ लागला. हळूहळू त्यात तुच्छता शिरली. आज ‘शहर बकाल झाले’ म्हणणाऱ्याला त्या शब्दात एकेकाळी भाजीची टोपली होती याची कल्पनाही नसते. ‘बाजारबुणगे’ हे सैन्याबरोबर चालणाऱ्या बाजारातले लोक; फौजेचे दाणापाणी त्यांच्यावर अवलंबून. पानिपतच्या कथनात त्यांच्यावर पराभवाचे खापर फोडले गेले आणि नाव कायमचे शिवीत गेले. ‘बाजारू’चेही तेच. विकत घेण्यावाचून ज्यांचे एक दिवस चालत नाही अशा समाजाने विकणाऱ्यांच्या नावांचे काय केले, हे या तीन शब्दांवरून कळते. उलट दिशेचे उदाहरण इंग्रजांच्या घरचे आहे. साहेबांच्या बंगल्यांवर पेटी घेऊन जाणारा फिरता विक्रेता तो ‘बॉक्सवाला’; ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ साली निघालेल्या अँग्लो-इंडियन कोशात त्याची नोंद आहे. पुढे कलकत्त्यातल्या बड्या कंपन्यांच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना चेष्टेने तेच नाव मिळाले आणि शब्द क्लबात जाऊन बसला. पेटीवाला वर चढला, टोपलीवाला खाली गेला.

त्याच १८८६ साली पुण्यात एक मोठी इमारत उघडली. तोवर शहराची भाजी शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात विकली जाई. १८२८ च्या आगीत वाडा आतून जळून गेला होता. तट आणि दिल्ली दरवाजा उरले होते, आणि पेशव्यांच्या दारात आता मेथीच्या जुड्या आणि वांग्यांचे ढीग लागत. नगरपालिकेने शुक्रवार पेठेत अष्टकोनी मनोऱ्याची मंडई बांधली आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला दिले. बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकर यांचे. लष्कर भागात त्याच सुमारास कॅनॉट मार्केट उभे राहिले. ते आजचे शिवाजी मार्केट. उघड्यावरचा बाजार छपराखाली नेणे, गाळे पाडणे, गाळ्यांना आकडे देणे आणि भाडे वसूल करणे, ही त्या काळातल्या नगरपालिकांची आवडती सुधारणा होती. स्वच्छतेचे कारण खरे होते. पण छपराखाली मावले नाहीत ते सगळे त्या दिवसापासून ‘बाहेरचे’ झाले. मंडईच्या आधी उघड्यावर बसणे हा बाजाराचा स्वभाव होता. मंडईनंतर तो अपवाद ठरला.

या मंडईच्या खर्चाला नगरपालिकेत विरोध करणाऱ्यांत जोतीराव फुले होते. १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा तो शिक्षणावर घालावा असे त्यांचे म्हणणे होते. फुले हे आडनावच विक्रीतून आलेले. घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांकडे फुले पुरवण्याच्या धंद्यावरून ‘फुले’ रूढ झाले, आणि वडील गोविंदराव यांचे पुण्यात भाजीपाल्याचे दुकान होते. ज्याने खर्चाला विरोध केला त्याचेच नाव पुढे त्या इमारतीला दिले गेले. महात्मा फुले मंडईच्या नावात असा उपरोध आहे, आणि एका अर्थी न्यायही.

मंडईच्या आत गाळेवाले, बाहेर पाटीवाले आणि पथारीवाले ही विभागणी पुढच्या शतकात शहरभर पसरली. तुळशीबाग हे तिचे ठळक उदाहरण. नारो आप्पाजी खिरे यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधवलेल्या राममंदिराभोवती आधी पूजासाहित्य, भांडी, बांगड्या, खेळणी यांचा बाजार जमला. मग दुकानांच्या पुढ्यात पथाऱ्या आल्या. पिना, टिकल्या, गळ्यातली, गाळणी, किसण्या, रुमाल, हे सर्व पथारीवर. दुकानदार आणि त्याच्या पुढ्यातला पथारीवाला यांचे नाते तक्रारीचे आणि सोयीचे असे दोन्ही असते. वाट अडते म्हणून दुकानदार कुरकुरतो. पण गर्दी खेचून आणणारी पथारीच असते हे त्यालाही ठाऊक असते. मंगळवार पेठेजवळ बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार तर बहुतांशी पथाऱ्यांचाच. जुनी हत्यारे, नाणी, कुलपे, सायकलचे सुटे भाग, फाटकी पुस्तके, बिघडलेली घड्याळे, सारे जमिनीलगत मांडलेले असते आणि गिऱ्हाइकाला वाकावेच लागते.

पथारी दिसते साधी, पण तिच्या मांडणीत विचार असतो. चादरीच्या चारही कोपऱ्यांना दोरी बांधलेली असते. महापालिकेची ‘गाडी’ आल्याची हाळी ऐकू आली की चारही दोऱ्या एकदम ओढायच्या. माल मध्ये गोळा होऊन गाठोडे बनते आणि ते खांद्यावर टाकून शेजारच्या बोळात शिरता येते. म्हणून पथारीवर काच किंवा चिनीमाती क्वचितच दिसते. जड माल कडेला, हलका मध्ये. महाग वस्तू विकणाऱ्याच्या मांडीजवळ. भाव सांगण्याची पट्टी नसते. तो आवाजाने सांगितला जातो. ‘कोणतंही घ्या’ हा पथारीचा खास शब्दप्रयोग, कारण एकच भाव ठेवला की हिशेब सोपा आणि पळताना चूक कमी.

ज्या कारणाने ही दोरी लागते त्याला कार्यालयीन मराठीत ‘अतिक्रमण’ म्हणतात. १९५० साली पुण्याची महानगरपालिका झाली. अतिक्रमण हटवणारे खाते आणि त्याची मालमोटार पुढे शहराच्या ओळखीचे झाले. शब्दाची फोड करून पाहण्यासारखी आहे. ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणे, आणि अतिक्रमण म्हणजे पाऊल मर्यादेपलीकडे टाकणे. दिवसभर जागचा न हलणाऱ्या माणसावर पाऊल पुढे टाकल्याचा आरोप, असा हा प्रकार आहे. चालत राहिलास तर फेरीवाला, बसलास तर अतिक्रमण, ही कायद्याची अट होती. आणि विकत घेणाऱ्याला तर विक्रेता ठरल्या जागी बसलेलाच हवा असतो.

शब्दाला प्रतिष्ठा मिळाली ती संघटनेमुळे. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी १९५० च्या दशकात हमाल पंचायत उभी केली. त्या वाटेवर पुढे रिक्षा पंचायत, कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत आणि पथारी व्यावसायिक पंचायत अशा संघटना आल्या. नावे ठेवण्याची या चळवळीची पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. ‘कामगार संघ’ किंवा ‘युनियन’ न म्हणता ‘पंचायत’ म्हटले, आणि कष्टकऱ्याला लोक ज्या नावाने हाक मारतात तेच नाव पाटीवर लावले. हमालाचे ‘माथाडी’ केले नाही, पथारीचे ‘लघुउद्योग’ केले नाही. फक्त पथारीपुढे ‘व्यावसायिक’ हा एक शब्द जोडला. धंदा करणाऱ्याला व्यावसायिक म्हणण्यात वकील-डॉक्टरांच्या रांगेत बसण्याचा जो दावा आहे, तो जाणूनबुजून केलेला आहे. आज पुण्याच्या वर्तमानपत्रांत ‘पथारी व्यावसायिक’ हीच जोडी छापली जाते. ‘पथारीवाला’ बोलण्यात उरला आहे.

धंद्याच्या नावाची अशी झटापट पुण्यापुरती नाही. जपानमध्ये जत्रांतून पाले टाकणाऱ्या विक्रेत्यांना ‘तेकिया’ म्हणतात. तो शब्द ज्या चिन्हांनी लिहितात त्यांचा अर्थ ‘निशाण’ आणि ‘दुकान’ असा होतो. निशाणावर बाण लागावा तसा एखादा दिवस मोठा फायदा देऊन जातो म्हणून हे नाव, असे काहीजण सांगतात. जत्रेतल्या नेमबाजीच्या खेळावरून आले, असे दुसरे. त्याच लोकांचे जुने नाव ‘याशी’. त्याच्या लेखनात सुगंधी द्रव्यांचा उल्लेख आहे, कारण धूप आणि औषधे विकणारे फिरते लोक त्यांत होते; आपल्याकडच्या वैदूंची आठवण व्हावी असे. चिनी परंपरेतला शेतीचा आणि औषधींचा देव शेननोंग, जपानीत शिन्नो, हा त्यांचे दैवत. खांद्यावरच्या काठीला दोन्हीकडे टोपल्या लटकावून एडो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, फिरणारा तो ‘बोतेफुरी’. हे नाव काठी, हात आणि झुलणे या तीन अर्थांचे मिळून बनते, आणि वस्तू म्हणून पाहिली तर ती आपली कावडच. ‘यातै’ म्हणजे छप्पर असलेला ठेला. इंग्रजीतल्या ‘पेडलर’च्या मुळाशी ‘पेड’ ही टोपली आहे असे बहुतेक कोश मानतात. काठी, टोपली, छप्पर, चादर: ज्याच्यावर माल पेलला जातो त्याच्यावरून माणसाचे नाव पडते, हा जगभरचा नियम दिसतो.

भारतीय कायद्याने हा नियम मोडला. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मुंबईच्या फेरीवाल्यांचे प्रकरण आले आणि विक्रीसाठी ठरावीक क्षेत्रे आखून देण्याचा विचार पुढे आला. १९८९ च्या सोदन सिंग खटल्यात न्यायालयाने सांगितले की रस्त्याच्या कडेला विक्री करणे हा व्यवसायस्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे. मात्र त्यावर वाजवी बंधने घालता येतील आणि ठरावीक जागेवर कायमचा हक्क सांगता येणार नाही. २००४ आणि २००९ साली राष्ट्रीय धोरणे झाली, आणि २०१४ साली संसदेने कायदा केला. त्याचे मराठी नाव ‘पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम’. पाहणी होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणाला उठवू नये, शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घ्यावेत, प्रत्येक शहरात समिती असावी आणि तिच्यातले किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांतून निवडलेले असावेत, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, अशा त्यातल्या मुख्य तरतुदी. कोरोनाच्या पहिल्या टाळेबंदीनंतर जून २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वनिधी योजनेत या विक्रेत्यांना सुरुवातीला दहा हजार रुपयांपर्यंतचे खेळते भांडवल कर्जाऊ देण्याची सोय झाली.

‘पथविक्रेता’ हा शब्द घडवताना इंग्रजी शब्दाचे दोन तुकडे संस्कृतात बसवले गेले. ध्वनीने तो पथारीजवळ आला, अर्थाने दूर गेला. पथारीवाला हे नाव त्याच्या स्वतःच्या चादरीवरून आहे. पथविक्रेता हे नाव दुसऱ्याच्या रस्त्यावरून. चादर त्याच्या मालकीची आहे आणि गुंडाळून नेता येते. रस्ता त्याचा नाही, हे नव्या नावातच लिहिलेले आहे. कायद्याने संरक्षण मोठे दिले आणि नाव देताना जुनाच वाद नावात कोरून ठेवला.

गिऱ्हाइकाच्या तोंडी यातले कोणतेच नाव नसते. पथारीसमोर वाकणारा माणूस ‘मावशी’, ‘ताई’, ‘मामा’, ‘भाऊ’, ‘काका’ म्हणतो आणि भाव विचारतो. नात्याची हाक मारल्यावर घासाघीस करायला मोकळीक मिळते, असे त्यामागचे जुने गणित आहे.

२०१४ च्या कायद्याच्या व्याख्येत इंग्रजीतले तीन समानार्थी शब्द दिल्यावर पुढे म्हटले आहे की स्थानिक किंवा प्रादेशिक बोलीतली अशा अर्थाची सर्व नावे तीत समाविष्ट समजावीत. त्यामुळे पथारीवाला हा शब्द कायद्यात कोठेही छापलेला नसला तरी तो कायद्याच्या आत आहे. पुण्यातल्या विक्रेत्याच्या प्रमाणपत्रावर पथविक्रेता असते, आणि त्याच्या संघटनेच्या फलकावर पथारी.